पिठाच्या डब्यावरचा फोन

आजी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच आल्या. शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. पिशवीतून बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही आमची न्हवं. आमच्या बाटलीचा रंग येगळा असतोय."

थायरॉइडच्या गोळ्यांच्या बाटल्या सगळ्या एकाच चणीच्या. फरक असतो तो लेबलाच्या रंगात आणि आकड्यात. आजींची नेहमीची २५ ची, मी दिली होती ७५ ची. सकाळी उपाशीपोटी घ्यायची म्हणून त्यांनी बाटली हातात घेतली, रंग बघितला आणि न उघडता तशीच पिशवीत टाकून आल्या. मी घाईघाईने बदलून दिली, चारदा माफी मागितली. आजींनी काउंटरवरच्या माझ्या फोनकडे एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "ध्यान कुठं असतंय गं तुझं?"

ध्यान कुठे होतं ते मला पक्कं माहीत होतं. आदल्या संध्याकाळी बाटली काढताना माझ्या डाव्या हातात फोन होता आणि फोनमध्ये कुठलीशी बाई कणीक तिंबत होती. मी घरी रोज सोळा पोळ्या लाटते. मला दुसरीची कणीक बघायची काय गरज पडली होती, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

मी कराडला मेडिकल चालवते, एकोणीस वर्षं झाली. हा प्रसंग दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून फोनपासून सुट्टी कशी घ्यायची याचे बरेच प्रयोग करून झाले. काही पार फसले, काही टिकलेत. ते इथे लिहिते. दुकान सांभाळणाऱ्या, घर चालवणाऱ्या, पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर नाइलाजाने असणाऱ्या बाईला जमेल तेवढंच आहे हे. हिमालयात जायचं असेल त्यांनी दुसरीकडे विचारावं.

आधी काड्या मारा

आपण फोन किती बघतो हे आपल्याला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. दोन्ही २०१८ पासून आहेत, मी मात्र पहिल्यांदा उघडलं ते आजींची बाटली परत आली त्या रात्री. दिवसाला साडेचार तास. वाईट वाटलं, पण खरा घाव त्याच्या खालच्या आकड्याने घातला. फोन अनलॉक किती वेळा केला तेही तिथे लिहिलेलं असतं. माझं होतं १३७. तेवढी गिऱ्हाइकं दिवसाला आली असती तर मी दुसरा गाळा घेतला असता.

आकडा कळला तरी कारण कळत नाही. म्हणून मी तीन दिवस बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर काड्या मारल्या. फोन उचलला की एक काडी, आणि शेजारी का उचलला ते एका शब्दात. 'ऑर्डर'. 'लेक'. 'कंटाळा'. 'वेळ बघायला', तेही समोर भिंतीवर घड्याळ असताना. आणि 'काही नाही'. चौथ्या दिवशी मोजलं तर 'काही नाही' निम्म्याच्या वर.

दुसरी गोष्ट कागदावर दिसली ती वेळेची. मला वाटायचं, मी निवांत असते तेव्हा फोन बघते. तसं नव्हतंच. एक गिऱ्हाईक गेलंय आणि दुसरं यायचंय ती दोन मिनिटं, दूध तापायला ठेवलंय ती चार मिनिटं (दूध त्या आठवड्यात दोनदा उतू गेलं), रिक्षाची वाट बघताना, 'अहो, येताय का जेवायला' म्हटल्यापासून ते ताटावर येऊन बसेपर्यंत. म्हणजे माझं दुखणं साडेचार तासांचं नव्हतंच. ते दोन-दोन मिनिटांच्या फटींचं होतं. तुमचं वेगळं असेल. एखाद्याचं सगळं रात्री अकरा ते एकमध्येच असतं. पण काड्या मारल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. तीन दिवस फोन वापरायला काहीच बंदी नाही, फक्त लिहायचं.

एकदम सोडायच्या फंदात पडू नका

मी पडले. एका सोमवारी, उपास धरल्यासारखं, फेसबुक, इन्स्टाग्राम, युट्यूब सगळं फोनमधून काढून टाकलं. मंगळवारी हात सारखा एप्रनच्या खिशाकडे जायचा. बुधवारी मी बँकेचं अॅप तीन वेळा उघडून शिल्लक बघितली, शिल्लक काही वाढत नव्हती. गुरुवारी रात्री सगळं परत आलं आणि त्या रात्री मी एक वाजेपर्यंत बघत बसले. उपास सोडताना माणूस जास्तच खातो.

स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस चालू असली की डॉक्टर ती एकदम बंद करत नाहीत, डोस उतरवत उतरवत आणतात. अशा चिठ्ठ्या मी कित्येक वर्षं वाचतेय. स्वतःच्या बाबतीत मात्र ही अक्कल गुरुवारी रात्रीनंतर आली.

आमच्याच ओळीतले कापडवाले भाऊ इगतपुरीला धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले. तिथे फोन सुरुवातीलाच जमा करून घेतात, मौन असतं, पहाटे चारला घंटा. माणूस खरंच निवळून आला होता. मी विचारलं, फोन परत कधी बघितला? म्हणाले, "इगतपुरी स्टेशनवर. गाडी यायच्या आत सगळे ग्रुप वाचून झाले." मी शिबिराला नावं ठेवत नाही, मलाही एकदा जायचंय. पण तिथे फोन दुसरं कुणीतरी ठेवून घेतं. कराडला तो आपला आपणच ठेवायचा असतो.

काम वेगळं, चाळा वेगळा

'चाळा' हा शब्द आमच्या सासूबाईंचा. "फोनचा चाळा बंद कर" असं त्या नातीला म्हणतात, माझ्याकडे बघून. शब्द अगदी चपखल आहे. लहान पोर पदराच्या टोकाशी खेळतं तसं ते.

माझी अडचण अशी की काम आणि चाळा एकाच फोनमध्ये राहतात. गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो टाकतात, 'ताई एवढं काढून ठेवा, संध्याकाळी येतो'. होलसेलवाल्यांच्या ऑर्डरी तिथेच. चिठ्ठीचा फोटो बघायला फोन उघडायचा आणि पाच मिनिटांनी आपण कुणाच्या तरी लग्नातल्या हळदीचा नाच बघत असतो, चिठ्ठी तशीच. डाळीत खडे मिसळलेत, डाळ टाकून देऊन चालत नाही, निवडावी लागते.

मी निवडली ती अशी. घरात काच तडकलेला एक जुना फोन पडून होता. त्यात दुसरं सिम घातलं आणि 'व्हॉट्सअॅप बिझनेस' टाकलं. फुकट असतं, नंबर मात्र वेगळा लागतो. दुकानाचा नंबर म्हणून तोच सगळ्यांना दिला. त्या फोनमध्ये दुसरं काहीही टाकलं नाही. दुकान बंद झाल्यावर आपोआप उत्तर जाईल असा मेसेज त्यात लावून ठेवता येतो. माझा असा आहे: 'दुकान सकाळी ९ ला उघडेल. औषध घ्यायला येताना मूळ चिठ्ठी आणावी.' हा फोन रात्री दुकानातच राहतो, गल्ल्याच्या खणात. माझा स्वतःचा फोन दिवसभर मागच्या फ्रिजशेजारी, इन्सुलिन ठेवतो त्या, रिंग चालू ठेवून. हाताला लागत नाही आणि फोन आला तर ऐकू येतो.

पैसे आले का हे बघायला फोन उचलायचा, तेही गेलं. काउंटरवर बोलका डबा ठेवलाय, तो ओरडून सांगतो किती आले ते. महिन्याला थोडं भाडं जातं. फोन उचलण्याच्या काड्या त्याने ज्या कमी केल्या त्या मानाने स्वस्त.

हे सगळं करायला मला एक रविवार पुरला. दुकान नसलेल्यांनाही हे करता येतं, ऑफिसचं एका जुन्या फोनवर आणि तो फोन संध्याकाळी कपाटात. दुसरा फोन नसेल तर निदान एवढं करा: कामाची चार अॅप पहिल्या पानावर ठेवा, बाकी सगळी शेवटच्या पानावर एका फोल्डरमध्ये कोंबा. फोल्डरला नाव द्या. माझ्या फोल्डरचं नाव 'चाळा' आहे. ते उघडताना दर वेळी सासूबाई दिसतात.

न संपणारं पान

वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. छोट्या जाहिराती आल्या की माणूस पेपर घडी करतो आणि उठतो. फोनमध्ये बोट सरकवत राहिलं की खाली नवीन येतच राहतं. ही युक्ती २००६ साली अझा रास्किन नावाच्या माणसाने काढली, आणि पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. म्हणजे आपल्याला उठावंसं वाटत नाही यात आपला एकट्याचा आळस नाही. उठायची जागाच काढून टाकलेली आहे.

आणि वरून खाली ओढून सोडलं की नवीन काय आलं ते दिसतं, तो तर सरळ मटका. अमेरिकेतल्या स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो असं असेल तर कबुतर भुकेपुरतं मारतं. कधी मिळतो, कधी नाही, आणि कधी मिळेल त्याचा नेम नाही, असं केलं की ते मारतच राहतं. आकडा लावणारा माणूस ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना कबुतराची गरज नाही. रोज लागला असता तर तो दोन महिन्यांत कंटाळला असता.

हे कळल्यावर मी मनाला दोष देणं सोडलं आणि सेटिंग्जमध्ये हात घातला. जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

युट्यूबची 'वॉच हिस्टरी' पुसून टाका आणि बंद करा. पहिलं पान कोरं होतं. वर शोधायची चौकट, खाली काही नाही. तुम्हाला उकडीच्या मोदकाची कृती हवी असेल तर शोधा, बघा, बाहेर या. शॉर्ट्सचा टॅब मात्र खाली राहतोच, तिथे बोट आवरायचं. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं अॅप काढा, खातं राहू दे. बघायचंच असेल तर ब्राउझरमधून, दर वेळी पासवर्ड टाकून. इतकं कटकटीचं होतं की निम्म्या वेळा आपण नाद सोडतो. खातं काही दिवस झाकून ठेवायची सोय दोन्हीकडे आहे, त्यात फोटो-बिटो जात नाहीत, परत आलात की सगळं जागेवर. कायमचं काढायला सांगितलं तर ३० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात परत लॉगिन केलंत तर ते रद्द करता येतं. मी कायमचं काढलेलं नाही. माझ्या शाळेतल्या चार मैत्रिणी तिथेच सापडल्यात.

नोटिफिकेशन: माणसाचा आवाज येणार असेल तेवढीच चालू. फोन आला तर वाजू दे. 'अमुकने फोटो टाकला', 'सेल संपतोय', 'तुम्ही हे बघितलं नाही', सगळं बंद.

रात्री पडदा काळापांढरा. अँड्रॉइडमध्ये 'बेडटाइम मोड' लावला की ठरल्या वेळी आपोआप होतो. आयफोनमध्ये अॅक्सेसिबिलिटीत 'कलर फिल्टर्स' मध्ये मिळेल. रंग गेले की रील म्हणजे वडे तळून झालेल्या कागदावरची बातमी वाटते. दिवसा मी हे लावत नाही, औषधांच्या फोटोत रंग बघावे लागतात. आजींनी शिकवलंय.

ग्रुप आणि मावशी

व्हॉट्सअॅपचे ग्रुप म्यूट करताना 'नेहमीसाठी' असा पर्याय येतो, तो निवडा. मग आर्काइव्ह करा, आणि सेटिंग्जमध्ये नवीन मेसेज आला तरी आर्काइव्हमध्येच राहू दे हे चालू आहे ना ते बघा. ग्रुप सोडला तर आता फक्त अॅडमिनला कळतं, सगळ्यांसमोर दवंडी पिटली जात नाही. तरी आमच्या घरच्या ग्रुपचे अॅडमिन चुलत सासरे आहेत, त्यामुळे ते धाडस मी केलं नाही.

म्यूट केल्याच्या दुसऱ्या महिन्यात विट्याची मावशी रुसली. तिने नातवाच्या बारशाचे फोटो टाकले होते. "सगळ्यांचं काही ना काही आलं, तुझा अंगठासुद्धा आला नाही." तिचं बरोबर होतं. गप्प बसून गायब झालं की लोकांना आपण मोठ्या झालो असं वाटतं. आधी सांगायला हवं होतं. मग मी सगळ्यांना एक मेसेज टाकला, हवा तर हाच वापरा:

'मी रात्री साडेनऊ ते सकाळी सात व्हॉट्सअॅपवर नसते. ग्रुपवरचं आठवड्यातून एकदाच बघते. काही महत्त्वाचं असेल तर साधा फोन करा, नक्की उचलते. राग मानू नका.'

'राग मानू नका' गाळू नका. आणि मावशीला मी आता दर रविवारी फोन करते, दहा-पंधरा मिनिटं. अंगठ्यापेक्षा महाग पडतं, पण बाळाला दात आले ते तिने मला ग्रुपच्या आधी सांगितलं.

घरचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिकडची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. त्या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला परत. तेवढ्या वेळात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. कोविडमध्ये शाळा फोनवर आल्या आणि नंतर पोरांच्या हातातून फोन सुटेना, तिथून हे सुरू झालं. मला त्यातलं काय पटलं, तर वेळ ठरलेली आहे आणि ती कुणा एकाची नाही. "तू ठेव", "आधी तू ठेव" याला जागाच नाही. भोंगा कुणाची सासू नसतो.

आमच्या घरी भोंगा कुठला आणायचा? कुकर आहे. मी नऊला शटर ओढते, सव्वानऊला घरी, आल्या आल्या कुकर लावते. तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन ओट्याच्या टोकाला, पिठाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात. असं ठरलं. लेक आता दहावीला आहे, तेव्हा आठवीत होती. तिने अट घातली, "मम्मी, तुझा आधी." बरोबर आहे.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. आमचे हे साखर कारखान्यात आहेत. गळीत हंगाम चालू असला की रात्री-अपरात्री बोलावणं येतं. डब्याचं झाकण घट्ट लावलेलं, आत रेंज नाही आणि रिंगही कुणाला ऐकू नाही. सकाळी ह्यांना साहेबांचं ऐकून घ्यावं लागलं आणि मला ह्यांचं. तेव्हापासून फोन डब्यात नाही, डब्यावर, झाकण लावून, उताणे नाहीत, पालथे, आवाज चालू. वाजला तर उभ्यानेच बोलायचं आणि परत पालथा. उभ्याने कुणी रील बघत नाही, निदान फार वेळ.

झोपायच्या खोलीतलं चार्जर काढून स्वयंपाकघरात मिक्सरच्या पॉइंटला लावलं. त्यामुळे गजराचा प्रश्न आला, तर बाजारातून अडीचशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं. कर्कश आहे, सगळं घर उठतं. ही एक गोष्ट आजच्या आज करता येते, बाकी काही केलं नाही तरी ही करा. माझ्याकडे पंचविशीची पोरं येतात आणि हळूच विचारतात, "ताई, झोपेची गोळी मिळेल?" चिठ्ठीशिवाय मी देत नाही. पण विचारते, रात्री फोन कुठे असतो? उत्तर बहुतेक एकच, उशाखाली. डोळ्यांचे थेंब मागणारेही तेच. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. थेंब देते, पण सांगते, दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं काहीतरी वीस सेकंद बघा, कराडात मनोऱ्यांची काय कमी आहे.

एखाद्याचं त्यापलीकडे गेलेलं असतं. जेवण सुटलंय, कॉलेज सुटलंय, फोन काढून घेतला की अंगावर येतो. अशा आईबापांना मी घरगुती उपाय सांगत बसत नाही. १४४१६ हा सरकारच्या 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून देते, फुकट आहे, मराठीत बोलतात. बंगळुरूच्या निमहान्स या मनोविकारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात २०१४ पासून याच त्रासासाठी वेगळं क्लिनिक आहे. म्हणजे हा नुसता चाळा नाही, दुखणंही असू शकतं, आणि त्याला डॉक्टर आहेत.

हाताला काय द्यायचं

फोन डब्यावर गेला की हात रिकामे होतात, आणि रिकामा हात परत डब्याकडे जातो. इथे बहुतेकांचं फसतं. 'पुस्तक वाचा' म्हणतात सगळे. वाचा की. पण दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला रात्री दहाला जाड पुस्तक पेलत नाही, आणि दुकानातल्या दोन मिनिटांच्या फटीत तर अजिबातच नाही. फटीला फटीएवढंच काम लागतं.

दुकानातल्या फटींना मी एक्स्पायरी दिली. गिऱ्हाईक गेलं की एक खण. सगळ्या स्ट्रिप उलट्या करून तारखा बघायच्या, तीन महिन्यांच्या आत संपणाऱ्यांना लाल रबर लावायचं आणि पुढे ठेवायच्या. पूर्वी हे काम वर्षातून दोनदा, रडतखडत, दुकान बंद ठेवून व्हायचं. पहिल्याच महिन्यात तीन हजार आठशेचा माल वेळेत परत गेला, नाहीतर तो माझ्याच अंगावर पडला असता. तुमच्या दुकानात, ऑफिसात, घरात असा एखादा खण असतोच, वर्षानुवर्षं न उघडलेला.

घरी मात्र पत्त्यांनी तारलं. आम्ही तिघी: मी, लेक आणि सासूबाई. तिघांना पाच-तीन-दोनसारखा खेळ नाही. तीस पत्ते लागतात, आठ्यापासून एक्क्यापर्यंत सगळे आणि सत्त्या दोनच, इस्पिकची आणि बदामची. ज्याला पाच हात करायचे तो पहिल्या पाच पत्त्यांवर हुकूम सांगतो. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावात पत्ता ओढायचा. हे ओढणंच खरं. सासूबाई पत्ता ओढताना माझ्या चेहऱ्याकडे बघतात, पत्त्यांकडे नाही, आणि नेमका एक्का काढतात. पस्तीस वर्षं सून होते, म्हणतात, चेहरे वाचायला तिथेच शिकले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या सासूबद्दल त्या कधी बोलल्याच नव्हत्या. डावामध्ये बोलतात, तेही पत्ते पिसताना, एक-एक वाक्य.

त्यांची दहापर्यंतची सिरीयल मात्र मी सोडवू शकलेले नाही. प्रयत्नही सोडला. दहाला सिरीयल संपते, सव्वादहाला डाव पडतो. हे घरी असले की मेंढीकोट. अकराला दिवे बंद.

रविवारी सकाळी मी आणि लेक प्रीतिसंगमावर जातो, फोन घरी ठेवून. कृष्णा-कोयना मिळतात तिथे बागेतून एक फेरी, घाटावर थोडं बसायचं. पहिल्या वेळी दोन फजित्या झाल्या. चहाला खिशात रोख नाही. आणि घरी निरोप द्यायचा म्हणून एका काकांचा फोन मागितला, तर लेकीला बापाचा नंबर पाठ नाही. मला तरी कुठे होता, शेवटचे चार आकडे आठवेनात. आता पर्समध्ये दोनशे रुपये सुट्टे असतात आणि नंबर दोघींनी पाढ्यासारखे पाठ केलेत. फोन घरी ठेवून निघणार असाल तर एवढी तयारी आदल्या रात्री करा.

मोडलं तर

मोडतंच. गेल्या गणपतीत माझं मोडलं. मिरवणुका, ढोल, कुणाची आरास, चार दिवस कुकर शिट्ट्या मारत होता आणि फोन हातात. पाचव्या दिवशी आकडा बघितला, अनलॉक ११२. परत पहिल्यापासून सगळं करत बसले नाही. फक्त डबा सुरू केला, बाकीचं आठवडाभरात आपोआप मागे आलं. हल्ली पन्नास-साठच्या घरात असते. त्यातले निम्मे कामाचे.

आजी अजून दर तीन महिन्यांनी येतात. चिठ्ठी काउंटरवर ठेवतात आणि आधी माझ्या डाव्या हाताकडे बघतात. मग बाटली माझ्यासमोर धरून म्हणतात, "वाच."

"पंचवीस, आजी."

"आन् तारीख?"